मधल्या फळींतील गडी

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. गोल वांचविणाऱ्याचीही वाहवा होते. परंतु मैदानाच्या मध्यभागीं जो खेळतो, त्याचें काम प्रेक्षकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं ह्या गड्यास हाफ-बॅक म्हणत. हल्लीं मिडफील्डर म्हणतात. हाच ज्याचा धंदा, त्याचें आयुष्य कसें जातें, हें विद्यार्थी व पालक या उभयतांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रतिपक्षाचा चेंडू अडवावा, तो आपल्या आघाडीच्या गड्यास अचूक द्यावा, आणि लगेच मागें धांवून पिछाडी सांभाळावी, हें त्याचें काम. 90 मिनिटांच्या सामन्यांत त्याची धांव बहुधा 10 किलोमीटरांहून अधिक भरते. शिवाय चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच तो कोठें द्यावयाचा, हें त्यानें ठरविलेलें असावें लागतें.

शेजारच्या गोमंतकांतील क्लायमॅक्स लॉरेन्स यांचें उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1979 सालचा. पणजीच्या धेंपो संघाच्या वैभवाच्या दिवसांत ते त्याच्या मधल्या फळीचे आधारस्तंभ होते. 30 जुलै 2008 रोजीं हैदराबाद येथें आशियाई चॅलेंज चषकांत भारताची गांठ अफगाणिस्तानाशीं पडली. वेळ संपत आली तरी गोल होईना. तेव्हां अगदीं शेवटच्या क्षणीं लॉरेन्स यांनीं गोल केला व सामना जिंकला. पुढें 13 ऑगस्ट रोजीं दिल्लींत ताजिकिस्तानावर 4-1 असा विजय मिळवून भारतानें चषक पटकाविला. त्या योगें 1984 नंतर प्रथमच, 2011 सालीं दोहा येथील आशियाई चषकांत आपणांस प्रवेश मिळाला. त्या संघांतही लॉरेन्स होते.

आतां नाण्याची दुसरी बाजू. हा धंदा अल्पायुषी आहे. पस्तिशीच्या आंतबाहेर पाय थकतात. एखादी मोठी दुखापत तर त्याआधींच खेळ संपविते. संघही चिरंजीव नसतात. 2005-06 सालीं राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ 2010 सालीं बंद झाला. 2016 सालीं धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. शरीराच्या बळावर मिळणारी भाकर शरीर साथ देई तोंवरच, हें ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यास निराळें सांगावयास नको.

म्हणून पालकहो, मुलगा मैदानावर रमतो एवढ्यावरून त्याला रागें भरूं नका. पण त्याचें पुस्तकही सुटूं देऊं नका. खेळ थांबल्यावर प्रशिक्षक, पंच वा शिक्षक होण्यास शिक्षणच उपयोगीं पडतें. आणि विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याच्या पायाशीं नेमका चेंडू पोहोंचविण्यांतला आनंद ज्यास कळला, तो पुढें कोणत्याही कामांत सोबत्यांस हवाहवासाच वाटेल.