गाव करी ते राव न करी

गावात पुढाऱ्यांना तोटा नाही, पण संघटना मात्र टिकत नाही, ही पारावरची नेहमीची तक्रार. दूध संस्था असो, पाणीवापर संस्था असो की बचत गट. चार माणसे हिरिरीने पुढे येतात, नारळ फुटतो, पाटी लागते. पुढे मुख्य माणूस तालुक्याच्या राजकारणात शिरला, की संस्थेला कुलूप! हे असे का होते, याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहिले की सापडते.

धानोरा तालुक्यातले हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामात सर्वांना ठाऊक आहेत. पण गाव उभे राहिले ते दोन सवयींवर.

पहिली सवय अभ्यासगटाची. जंगल, कायदा, दारू, जो प्रश्न असेल त्यावर आधी बसून माहिती घ्यायची, चर्चा करायची. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. दुसरी सवय सर्वसहमतीची. इथे बहुमताने हात वर करून ठराव होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. वेळ लागतो खरा. पण झालेला निर्णय मोडायला मग कुणी उठत नाही.

याचा उपयोग काय झाला, तेही पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा प्रश्न अडला. कायद्यात बांबू गौण वनोपज, तर वनखात्याच्या लेखी ते लाकूड. वाहतूक परवाना मिळेना. गाव हटले नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एकटा पुढारी असता तर दोन चकरांत दमला असता, नाहीतर कुणीतरी त्याला गुंडाळले असते. इथे कायदा काय म्हणतो ते अख्ख्या गावाला माहीत होते!

आपल्याकडे जंगल नसेल. पण पाणी आहे, गायरान आहे, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आहे. शेतकरी बंधू-भगिनींनी आठवड्यातून एक संध्याकाळ बसून तेवढेच वाचले तरी सुरुवात होईल. सरपंच आणि ग्रामसेवकांनी कागद दाखवायला हात आखडता घेऊ नये. ग्रामसभेत सह्यांपुरती माणसे न जमवता बायाबापड्यांना बोलू द्यावे. प्रश्न विचारायला शिकलेल्या माणसांतूनच उद्याचा कार्यकर्ता घडतो, आणि एक गेला तरी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो.