सुनौलीहून घणसोली

पनवेल स्टेशन. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही. गोरखपूरहून येणारी एक्सप्रेस उशिरा आहे. फलाटावर जिथे पंखा फिरतो तिथेच माणसं दाटून बसली आहेत. नळासमोर रिकाम्या बाटल्यांची रांग. पाणी कोमट येतं, तरी रांग हलत नाही.

गाडी लागते. जनरलच्या दारातून आधी सामान उतरतं. पत्र्याची पेटी, दोरीने करकचून बांधलेल्या रजया, तोंड शिवलेलं पोतं. मग एक बाई, तिच्या कडेवर पेंगणारा मुलगा आणि मागे नऊ वर्षांची मुलगी. सगळ्यात शेवटी नवरा. हा फलाट त्याच्या ओळखीचा आहे. वाशीच्या एका सोसायटीत तो रात्रपाळीचा वॉचमन आहे. आजवर एकटाच यायचा, एकटाच जायचा. या खेपेला घरच हलवून आणलंय.

ही माणसं नेपाळातल्या गुल्मी जिल्ह्यातली, डोंगरउतारावरच्या गावातली. बेलहियाकडून सीमेवरच्या सुनौलीच्या कमानीखालून चालत आली, तिथून बसने गोरखपूर आणि पुढे दीड दिवस रेल्वे. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांतल्या लोकांना एकमेकांकडे राहण्याची, काम करण्याची मुभा आहे. व्हिसा लागत नाही. बाईच्या पिशवीत नागरिकतेचा कागद आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पिशवी ती खाली ठेवत नाही.

तिकीट खिडकीपुढे पुन्हा रांग. मग ठाण्याकडे जाणारी लोकल. डब्यात घामट उकाडा, दारात वारा. मुलगी खिडकीशी उभी आहे. खारघरचे डोंगर दिसताच ती वळून आईकडे बघते. नेरूळ, जुईनगर, तुर्भे. डोंगर मागे सरतात, इमारती दाट होतात. कोपरखैरणे गेलं की नवरा पेटीला हात घालतो.

घणसोली. स्टेशनाबाहेर रिक्षा, सेक्टरांचे रुंद रस्ते, सरळ रेषेत लावलेली झाडं. पश्चिमेला खाडीच्या दिशेने गेलं की एका वळणावर रस्ता अचानक अंग चोरतो. इथून गावठाण सुरू होतं. चार-चार मजली घरं एकमेकांना खेटून उभी. या खिडकीतून हात काढला तर समोरच्या ग्रिलला लागेल. वर वायरींचं जाळं, खाली दुचाक्या. तुळशीवृंदावनाशेजारी पाण्याचे निळे ड्रम. कोपऱ्यावर पाटी मांडून बसलेली म्हातारी ओले बोंबील विकते आणि एका हाताने माश्या वारते.

हे शहर, नवी मुंबई, 95 गावांच्या जमिनींवर वसलं. 1970 पासून भातशेती, मिठागरं घेतली गेली; गावठाणं मधोमध राहिली. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात या जमिनींसाठी झालेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. तोवर घरात माणसं वाढली होती. लोकांनी जुन्या घरावर मजले चढवले. 'गरजेपोटी बांधलेली घरं' असं त्यांना इथे म्हणतात. त्याच मजल्यांवरच्या खोल्या भाड्याने जातात, आणि अशा भाड्यावर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

घरमालकीण दारातच उभी आहे. साठीची आगरी बाई. ती माणसं मोजते, सामान बघते. भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचा अर्ज तिच्या मुलाने भरून ठेवलाय, फोटो तेवढे हवेत. "पानी सकाळी सहाला येतं," ती सांगते. "ड्रम भरून ठेव. नंतर माझ्याकडं मागायचं नाय." बाई मान हलवते. तिला शब्द कळलेले नाहीत, पण तिची नजर ड्रमकडे गेली आहे.

खोली दहा बाय दहा. मोरी, एक खिडकी, भिंतीत पत्र्याची फळी. पोत्याचं तोंड उसवलं जातं. वर तांदूळ, तांदळात पुरलेला तुपाचा डबा आणि एका पुरचुंडीत गुंद्रुक. आंबवून उन्हात वाळवलेला पाला, काळपट हिरवा, बोटाने दाबला की कुरकुरणारा. आंबूस वास खोलीभर होतो. मालकीण चिमूटभर उचलून नाकाशी नेते. "भाजी हाय?" काही वेळाने तिची सून वाटीभर सुका जवळा आणून ठेवते. कांद्यावर परतायचा, हे ती हातानेच करून दाखवते.

संध्याकाळी नवरा गल्लीच्या तोंडाशी पैसे पाठवणाऱ्या दुकानापुढे उभा. पुढे आठ-दहा जण, बरेचसे वॉचमन, काही गाड्या धुणारे. शंभर भारूचे, म्हणजे भारतीय रुपयांचे, एकशे साठ नेरू, नेपाळी रुपये. हा दर 1993 पासून हललेला नाही, त्यामुळे हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 22 लाख माणसं देशाबाहेर होती, त्यांतली एक तृतीयांश भारतात. आज तो म्हाताऱ्या आईला पाठवतोय. एरवीपेक्षा कमी. बायको-मुलं आता इथेच जेवणार आहेत. पावती खिशात घालून तो थेट ड्यूटीवर जातो. नव्या घरातली पहिली रात्र बाई मुलांना घेऊन एकटीच काढते.

सकाळी नऊला महापालिकेच्या शाळेत. व्हरांड्यात आयांची रांग, हातात कागद, कपाळावर घाम. कुणी बिहारची, कुणी परभणीची. रात्रभर जागा असलेला नवरा खांबाला टेकून उभा. मुलगी भिंतीवरचा फलक वाचू लागते. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे अक्षरं ओळखीची आहेत. 'शा' म्हणून ती थांबते. पुढचं अक्षर तिने पाहिलेलं नाही. रांगेतली दुसरी मुलगी जीभ टाळूला लावून 'ळा' म्हणून दाखवते. दोघी तीन-चारदा म्हणतात.

"जन्माचा दाखला?" शाळेतल्या बाईंचा प्रश्न. नाही. तेवढ्यावरून प्रवेश अडवायचा नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. बाई वय विचारतात आणि वयानुसार चौथीत नाव लिहितात. "मराठी माध्यम की हिंदी?" नवरा बायकोकडे बघतो. काल संध्याकाळी गल्लीत मुली लंगडी खेळत होत्या, मराठीतच बोलत. आई कडेवरचं मूल सावरते आणि म्हणते, "मराठी."

परदेशात घर करणं म्हणजे सीमा ओलांडणं, असं दुरून वाटतं. सीमा ओलांडायला मिनिटं लागली असतील. घर व्हायला पाण्याची वेळ कळावी लागते, शेजारणीची वाटी यावी लागते, हजेरीपटावर नाव चढावं लागतं. ज्या गावाची शेतं गेली, ते गाव हे सगळं अजून देतंय. शहराने त्याच्याकडे एकदा नीट बघायला हवं.

बाई अर्ज पुढे सरकवतात. "सही करा. पुस्तकं मिळतील, दुपारी खिचडीही मिळेल. पण रोज पाठवायचं."

आई पेन हातात घेते आणि विचारते, "छोटावाला कब से?"