बायको वाईट, म्हणून आईही?

एखाद्या क्रिकेटपटूचा घटस्फोट झाला की मुंबई असो वा आमचं मालेगाव, पारावरचा निकाल ठरलेलाच: ज्याचा पाय घसरला त्याला ना पैसा, ना पोरं.

कायदा एवढा सरळ नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण 2018 पासून गुन्हा नाही. सतत व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीची मासिक पोटगी नाकारता येते. मुलांचा ताबा मात्र वेगळा. एका नवऱ्याने पत्नीवरचा व्यभिचाराचा आरोप पुढे करत नऊ वर्षांची मुलगी मागितली. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. राजेश पाटील यांनी ती आईकडेच ठेवली. शाळेने त्या मुलीबद्दलची तक्रार तिच्या आजीकडे नेली होती. आई स्वतः डॉक्टर असताना आजीकडे कशाला, हेही न्यायालयाने सुनावलं. बरं केलं!