शब्द गळाले, सूर उरला!

चित्रपटातले गाणे म्हटले, की आपल्याला आधी आठवतो गाणारा. मग पडद्यावर ओठ हलवणारा. आणि फारच झाले तर संगीतकार. गिटार, अ‍ॅकॉर्डियन, क्लॅरिओनेट वाजवणारे बिचारे पार मागे, अंधारात! पण १९५० नंतरच्या वीसएक वर्षांत या मंडळींच्या वाट्याला थोडा उजेड आला, तो शब्दांवाचूनच्या गाण्यांमुळे. लोकप्रिय सिनेगीत घ्यायचे, त्यातले शब्द काढून टाकायचे आणि चाल तेवढी एखाद्या वाद्यावर वाजवायची. अशा ७८ फेऱ्यांच्या तबकड्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने काढल्या आणि लोकांनी हौसेने घेतल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे; पण तेवढ्यात सारे गाणे डोळ्यांपुढे उभे राही.

लखनौचे व्हॅन शिपले इलेक्ट्रिक गिटारवर, आपल्या पुण्याचे ईनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवर, मास्टर इब्राहिम क्लॅरिओनेटवर! यात एक मौज पाहा. हेच वादक मूळ गाण्याच्या साथीला बसले, तर तबकडीवर त्यांचे नाव येत नसे. शब्द गळाले आणि वादकाचे नाव छापले गेले!

हे वेड आपल्याकडेच होते असे नव्हे. १९४९ च्या 'द थर्ड मॅन' या इंग्रजी चित्रपटाला व्हिएन्नाच्या मद्यगृहांत झिथर वाजवणाऱ्या अँटन कारास याने एकट्याने संगीत दिले. झिथर म्हणजे मांडीवर किंवा टेबलावर ठेवून छेडायचे तंतुवाद्य. त्याची तबकडी १९५० साली अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. तोवर ज्याला कुणी ओळखत नव्हते, तो माणूस एका चालीने जगभर गेला.

आपल्याकडचा असा चमत्कार म्हणजे १९५४ च्या 'नागिन'मधली बीन. ती ऐकून कोणालाही वाटावे, की कुणी जातिवंत गारुडीच आणून बसवला असेल. पण तिथे गारुडी नव्हता आणि पुंगीही नव्हती! हेमंतकुमारांच्या संगीतातली ती बीन वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लॅव्हायोलिन नावाच्या छोट्याशा विजेच्या वाद्यावर. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्तिन यांनी १९४७ च्या सुमारास ते तयार केले. त्यात रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्ह असत आणि एका वेळी एकच सूर निघे. जोडीला रवी यांची हार्मोनियम. पुढे हे दोघेही नामवंत संगीतकार झाले. बीन मात्र गारुड्याच्याच नावावर राहिली.

आता चला खानदेशात, यावलला. सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या बागांचे हे तालुक्याचे गाव. गावाला रेल्वे नाही. भुसावळला उतरून तापी ओलांडायची. या टापूत लेवा बोली, अहिराणी, तडवी, पावरी, उर्दू अशा किती भाषा कानी पडतात! हिंदी गाण्याचे शब्द प्रत्येकाला सारखेच कळतील असे नाही. पण चालीला दुभाषा लागत नाही. वरातीत बँडच्या क्लॅरिओनेटवर 'नागिन' सुरू झाली, की रुमालाचे टोक दातांत धरून पोरे डोलू लागतात. तिथे कुणी कुणाची बोली विचारत नाही.

बँडवाल्यांचा गुरू म्हणजे कान. तबकडी पुन्हा पुन्हा ऐकायची आणि चाल बोटांत उतरवायची. एकाच वाद्यावर मोकळी वाजलेली चाल त्यांना सोपी पडे. १९६१ च्या 'कम सप्टेंबर' या अमेरिकी चित्रपटाची बॉबी डॅरिनने बांधलेली धूनही आपल्या बँडांनी अशीच आपलीशी केली. चित्रपट इटलीतला, कर्ता अमेरिकन. आणि तिच्या तालावर नवरदेव मांडवाकडे निघतो! पुष्कळांना ती लग्नाचीच चाल वाटते, चित्रपटाचे नाव ठाऊकही नसते.

चालीचा हा विजयच म्हणायचा. ज्याने वाजवली, त्याची ती झाली. पण तिच्याबरोबर वादकाचे नावही गळून पडावे, हे मात्र बरे नव्हे. जुन्या तबकड्यांनी जो न्याय छापून दिला, तो आपण तोंडी तरी द्यावा. यंदाच्या लग्नसराईत दारावरून वरात गेली, तर क्लॅरिओनेटवाल्याला त्याचे नाव अवश्य विचारा. सनईवाल्याला बिदागी देताना आपण विचारतोच की!