हा पूल कोणता?

कोजागिरीला आमच्या नागपूरच्या घरी रेल्वेवेडी मित्रमंडळी जमली, तेव्हा मी कैलासवासी वडिलांच्या पेटीतला एक फोटो पुढे केला. नदी, रेल्वेचा पूल, दूर गिरणीचे धुराडे. मागे वडिलांचे अक्षर: ‘हा कोणता?’ गाडीत ते मला नेहमी हेच विचारीत. उत्तर मात्र कधी सांगत नसत.

“कन्हान!” एकजण म्हणाला. “छे, वैनगंगा!” दुसरा.

निवृत्त गार्डसाहेबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. “मुंबईकडे निघा. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. गावाच्या नावातच पूल आहे!”

पुलगाव! १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, ती हीच वर्धा नदी ओलांडून. जन्मभर व्युत्पत्ती शिकविणाऱ्या मला हे सुचू नये?

सकाळी तो फोटो मी मुलीपुढे ठेवला. उत्तर न सांगता.