शेगडीचा बर्नर आणि ताटली कधी बदलावी?



आपला गोरेगाव तालुका धानाचा. घरोघरी रोज भात शिजतो आणि शिजताना पेज शेगडीवर उतू जाते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या घरी गॅस आला त्यांनी तरी आता शेगडी उलटून पाहावी.

बर्नरखालची ताटली उतू गेलेलं झेलते. ती गंजून भोक पडलं की पेज आत उतरते आणि शेगडीच खाते. बर्नरच्या भोकांत पेज वाळली की ज्योत पिवळी होते, गंजाचं बूड काळं पडतं. म्हणजे गॅस पुरता जळत नाही. घरधनीण सांगते ती तक्रार खरी असते!

आधी रेग्युलेटर बंद करा. शेगडी थंड झाल्यावर बर्नरचं झाकण साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, भोकं पिनेनं मोकळी करा, पूर्ण वाळवा. मात्र आतल्या बारीक पितळी जेटमध्ये सुई घालू नका. भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो.

एवढं करूनही झाकण डुगडुगत असेल किंवा कड झिजली असेल, तर नवीन घ्या. दुकानात जुना नग सोबत न्या. ‘मोठा द्या’ म्हटल्यानं माप जुळत नाही.

जोडणी झाल्यावर रबरी नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावा. काडी ओढून तपासू नका. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.