गुडघ्यातली गादी आणि मूलपेशी

गुडघ्यात मांडीच्या हाडाचे टोक नडगीच्या हाडावर टेकते. तिथे दोन्ही हाडांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पांढरा, मोत्यासारखा चकचकीत थर असतो. शास्त्रात त्याला कूर्चा म्हणतात. दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्याचे नाव ‘गादी’. या दोन थरांमधले घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होते त्याहूनही कमी असते. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो आणि निरोगी कूर्चा तो दिवसभर, वर्षानुवर्षे, तक्रार न करता सोसते.

तक्रार करायला तिच्याकडे मज्जातंतूच नाहीत. रक्तवाहिन्याही नाहीत. तिचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग पाणी आहे, उरलेला मुख्यतः कोलॅजनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. जिवंत पेशी अगदी थोड्या, एकमेकींपासून दूर, आपापल्या कोशात बसलेल्या. सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढ्यावर त्यांचा उदरनिर्वाह चालतो. म्हणूनच गादी झिजू लागली तरी बराच काळ कळत नाही. दुखते ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते; पण कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ साली मांडले होते.

हंटरचे म्हणणे किती खोलवर खरे आहे याचा पुरावा अणुबॉम्बच्या चाचण्यांनी दिला. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. अन्नावाटे तो प्रत्येकाच्या शरीरात शिरला. त्यामुळे एखादी ऊती कोणत्या काळात घडली हे तिच्यातल्या कार्बनवरून सांगता येते. डॅनिश संशोधकांनी २०१६ साली वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा अशी तपासली, तेव्हा त्यातले कोलॅजन वाढीच्या वयातलेच निघाले. वाढ थांबल्यावर त्यात नवी भर जवळजवळ पडलेलीच नव्हती. सत्तरीतला माणूस चालतो तो आपल्या पौगंडावस्थेत विणलेल्या धाग्यांवर. मला तरी या साऱ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. गुडघेदुखीवरच्या कोणत्याही नव्या उपचाराचे मोल ठरवताना ती आधी आठवावी, कारण जे शरीर स्वतः पन्नास वर्षांत करत नाही ते एका इंजेक्शनकडून मागितले जात असते.

मग पेशी बाहेर वाढवून आत घालता येतील का? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांच्या चमूने १९८७ साली पहिल्या रुग्णावर हे केले. गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेवरून कूर्चेचा लहानसा तुकडा दुर्बिणीतून काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या, मग नडगीच्या हाडावरचे पातळ आवरण कूर्चेला पडलेल्या खड्ड्यावर टाके घालून शिवायचे आणि त्याखाली त्या पेशी सोडायच्या. १९९४ साली त्यांनी २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला किंवा उत्तम गुण आला. वाटीमागे खड्डा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांनाच. आज हाडाच्या आवरणाऐवजी कोलॅजनच्या पटलावर पेशी पेरून ते पटल खड्ड्यात बसवतात. स्वतःच्याच कूर्चापेशी वाढवून बसवण्याच्या उपचाराला भारतात औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे आणि असे काम करणारी एक प्रयोगशाळा आपल्या लोणावळ्यात आहे.

या पेशी मूलपेशी नव्हेत, त्या तयार कूर्चापेशी आहेत. शिवाय हा उपचार आहे खेळताना किंवा अपघातात गादीला पडलेल्या एखाद्या खड्ड्यावर, तोही बहुधा तरुण गुडघ्यात. साठीला सगळीकडून झिजलेल्या गुडघ्यासाठी तो नाही. जाहिरातींत हा फरक सर्रास पुसला जातो.

मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, कथा मॉस्कोत सुरू होते. अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अस्थिमज्जेतल्या अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्या काचेच्या बशीला चिकटतात, वाढतात आणि पुढे हाड तयार करू शकतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली त्यांच्यासाठी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. मज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच असते. म्हणून नितंबाच्या हाडातून काढलेली मज्जा तशीच टोचणे आणि तिच्यातल्या या पेशी वाढवून टोचणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातून काढलेली पीआरपी तर तिसरीच गोष्ट. तिच्यात बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, असतात, आणि बिंबिकेला केंद्रकसुद्धा नसते. तिला मूलपेशी म्हणून विकणे ही सरळ दिशाभूल आहे.

सुरुवातीची कल्पना सोपी होती: बियाणे टाकायचे, पीक येईल. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी ती मोडली. सांध्यात टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. तरीही सूज उतरते, वेदना कमी होते. या पेशी आजूबाजूची इजा ओळखतात आणि तिला उत्तर म्हणून रेणू सोडतात. दाह पेटवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी त्यामुळे शांत होतात, स्थानिक पेशींना दुरुस्तीचा इशारा मिळतो. स्वतः कूर्चा होण्यापेक्षा इतरांना कामाला लावून निघून जाणे हेच त्यांचे काम असावे. कॅप्लन यांनाही हे इतके पटले, की आपणच रुजवलेले नाव चुकीचे आहे, ते बदला, असा लेख त्यांनी २०१७ साली लिहिला. अशा सचोटीचा मला फार आदर वाटतो.

गंमत म्हणजे या उपचाराचा एक चांगला अनुभव घोड्यांकडून आला. शर्यतीच्या घोड्यांच्या पुढच्या पायाचा स्नायूबंध फाटतो आणि भरला तरी पुन्हा फाटतो. इंग्लंडमधल्या पशुवैद्यांनी घोड्याच्या उरोस्थीतून मज्जा काढून, पेशी वाढवून त्या जखमेत टोचल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुन्हा फाटण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते, नेहमीच्या उपचारांनंतरच्या नोंदींपेक्षा बरेच कमी.

माणसाच्या गुडघ्यात चित्र इतके स्वच्छ नाही. बंगळुरूत तयार झालेले, निरोगी दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींचे औषध भारतात २०२२ साली मध्यम झिजेच्या गुडघेदुखीसाठी मंजूर झाले. १४६ रुग्णांच्या चाचणीत अडीच कोटी पेशींचे एकच इंजेक्शन दिले गेले. नकली इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा ते घेतलेल्यांची वेदना वर्षभरानंतर अधिक कमी झालेली दिसली. २०२३ साली अमेरिकेतली ४७५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे स्वतःची मज्जा, स्वतःच्या चरबीतल्या पेशी आणि दात्याच्या नाळेतल्या पेशी यांची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली होती. वर्षाअखेर सगळ्याच गटांना बरे वाटत होते, पण पेशींचा एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२५ मधल्या आढाव्याने सगळ्या चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या: वेदनेत आणि हालचालीत थोडा फरक पडत असावा, पण पुरावा कच्चा आहे. माझे मत असे, की वेदनेवरचा हा एक शक्य उपचार आहे. मात्र झिजलेल्या गुडघ्यात नवी गादी उगवते, हे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही.

पण ती कधीच उगवणार नाही असेही नाही. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली उंदरांत दाखवले, की हाडाला बारीक छिद्रे पाडून तिथल्या मूलपेशी जाग्या करता येतात. एरवी त्यांतून चिवट व्रणऊती तयार होते. हाडाकडे वळवणारा एक रेणू देऊन रक्तवाहिन्या घडवणारा दुसरा अडवला, तर हाड होण्याची वाट मध्येच थांबून खरी कूर्चा तयार होते. म्हणजे पेशी आपल्या सांध्यात आहेतच. कोणत्या टप्प्यावर थांबायचे हे त्यांना सांगायचे आहे. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे असते, तरी दिशा मला हीच योग्य वाटते.

घाईची किंमत रुग्णांनी मोजली आहे. अमेरिकेत २०१८ साली नाळेच्या रक्तापासून केलेली दूषित उत्पादने टोचल्याने तीन राज्यांतल्या बारा जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांतले बरेच जण सांधे किंवा पाठ दुखते म्हणून गेले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतील मूलपेशी रोपण वगळता बाकी सगळे वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. त्यानंतर मंजूर झालेली उत्पादने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

दुखण्याने कंटाळलेल्या माणसाला आशा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या आशेला कोणी नावे ठेवू नयेत. पण आधी एक किलो वजन उतरवा. प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो, हे मोजून सिद्ध झाले आहे. मांडीचे स्नायू बळकट करा. त्यानंतरही कोणी मूलपेशींचे इंजेक्शन सुचवले, तर डॉक्टरांना विचारा: पेशी कुठून आल्या, कोणत्या प्रयोगशाळेत वाढवल्या, उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का? मंजुरी नसेल आणि ‘चाचणी सुरू आहे’ असे उत्तर मिळाले, तर भारताच्या चाचणी नोंदवहीतला तिचा क्रमांक मागा. चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितले तर तिथून उठून घरी या.